मागून घेतलेला भात

दर बुधवारी आमचा मुलगा घरचं जेवतो, आणि ते घर माझं नाही. एका जपानी बाईचं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे काही तिरकं बोलेन ते कुठून येतंय असं तुम्हाला विचारावं लागणार नाही.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. लग्न झालं तशी मी बेंगळुरूला आले आणि इथलीच होऊन गेले. कानडी माहेरीच कानावर होती, त्यामुळे बाजारात कधी अडलं नाही. घर जे. पी. नगरात. मुलगा एकच. त्याची नोकरी एचएसआर लेआउटमध्ये, आणि गेल्या वर्षी त्यानं ऑफिसजवळच भाड्यानं जागा घेतली. "आई, माझं अर्धं आयुष्य रस्त्यात चाललंय," म्हणाला. मी काय बोलणार? इथले रस्ते मलाही दिसतात. गेला. आता रविवारी जेवायला येतो, आणि मी त्या रविवारची तयारी शुक्रवारपासून करते.

बाकीच्या दिवशी रात्री फोन करून मी एकच विचारते, काय जेवलास? तोही इमानदारीनं सांगतो. डोसा. डब्यात आलेलं काहीतरी. ब्रेड. हे ऐकून मला वाईट वाटायचं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटायचं. मुलाचे आपल्यावाचून हाल होताहेत हे ऐकण्यात आईला एक सुख असतं. बायका ते उघड बोलत नाहीत इतकंच.

मग एका बुधवारी तो म्हणाला, "आज घरचं जेवलो."

"कुणाच्या घरचं?"

"अगं, इथे एक जपानी बाई आहे. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत टेबलं टाकलीत. स्वतःच करते, स्वतःच वाढते. अगदी घरच्यासारखं."

"जपानी जेवण तुला घरच्यासारखं?"

"खरंच. भात, आमटी, एखादी भाजी, मासा. लाल भोपळा तर असा करते ना आई..."

लाल भोपळा! या मुलानं लहानपणी भोपळ्याची भाजी ताटाखाली लपवली आहे, खिडकीतून टाकली आहे, एकदा तर दप्तरात घालून शाळेत नेली आहे. मी त्यात गूळ घातला, दाण्याचं कूट घातलं, शेवटी घारगे करून बघितले. तोंड वाकडं ते वाकडंच. आणि आता तो मला भोपळ्याचं कौतुक सांगत होता.

फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. "बरं झालं की. पोराच्या पोटात चांगलं पडतंय."

"म्हणजे मी वाईट घालत होते?"

पेपर खाली आला. "घरात सून नाही, विहीण नाही, आणि तू जळायला शोधून काढलीस कोण, तर जपानी बाई!"

"जळत नाही मी."

"मग काय करतेस?"

"विचार करते."

असा विचार मी पुढे कितीतरी बुधवार केला. "हॉटेलात गेलो होतो," असं तो म्हणाला असता तर मला काहीच वाटलं नसतं. पण तो म्हणायचा, "तिच्याकडे गेलो होतो." आज तिच्याकडे मुळा होता. आज तिच्याकडे बांगडा होता. आज तिला बरं नव्हतं, तरी उघडलं होतं बिचारीनं. बिचारी! मी कंबर धरून रविवारची भाकरी थापते तेव्हा मला कुणी बिचारी म्हटल्याचं आठवत नाही.

शेवटी त्यानंच बोलावलं. "तू आणि बाबा या की एकदा. तुला आवडेल."

"कच्चे मासे मला नाही जमायचे."

"तिथे कच्चं काही नसतं गं. साधं जेवण असतं. ये तरी."

गेलो. मी इरकल नेसले. हे म्हणाले, "हॉटेलात जायला इरकल कशाला?" मी म्हटलं, "हॉटेल कुठाय? घर आहे म्हणे." खरं म्हणजे कुणी आपल्याला तोलणार असेल तेव्हा बाई बरी साडी नेसते. आणि मी काही नुसती जेवायला चालले नव्हते. माझ्या मुलाला माझ्यासारखं करून घालणारी ही कोण, ते मला बघायचं होतं.

आतल्या गल्लीत एक साधं घर. दारावर निळा पडदा, तोही अर्धाच, कापड कमी पडल्यासारखा. चपला बाहेर काढायच्या होत्या. हे मला आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला. आत लाकडी टेबलं, एका कोपऱ्यात कुंडी, स्वयंपाकघर अर्ध्या भिंतीपलीकडे, म्हणजे करणारीचं डोकं दिसत राहतं. भाताचा वास होता. आपल्या भाताचा नव्हे, जरा गोडसर, पण भाताचाच.

ती बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. डोक्याला रुमाल बांधलेला, त्याखालून पिकलेले केस डोकावत होते. कमरेतून वाकली आणि स्वच्छ कानडीत म्हणाली, "बन्नी अम्मा, बन्नी." या आई, या. तिचे केस माझ्याइतकेच पांढरे, आणि मी अम्मा! नवरा इथल्या एका कारखान्यात कामाला आला होता, तेव्हापासून ती इथेच, आणि भाजीवाल्यांशी बोलून बोलून कानडी शिकली, असं मुलानं सांगितलं. मी मनाशी धरून आले होते की भाषेचा प्रश्न येईल, दोघी नुसत्या हसू आणि सुटू. तेही राहिलं.

प्रत्येकाला वेगळा ट्रे आला. एका वाटीत भात, एका वाटीत आमटी, ती म्हणे सोयाबीन आंबवून करतात. भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं, आणि तो भोपळा. सालासकट. मी फोड तोंडात घातली. चांगली होती. लिहायला बसलेय म्हणून खरं लिहिते, चांगली होती. मऊ, गोडसर, फोड न फोड अख्खी. पण फोडणी नाही की तिखट नाही की खोबरं नाही. यात हिनं केलं काय? असलं तर आमच्याकडे आजाऱ्याला देतात, असं मी मनात म्हणतेय, तेवढ्यात आजाराचीच गोष्ट निघाली.

ती मुलाशेजारी उभी राहून कानडीत विचारत होती, "आता बरा आहेस ना? ज्वर परत नाही ना आला?"

त्यानं मान वर केली नाही.

"कसला ज्वर?" मी मराठीत विचारलं.

"काही नाही गं. बारीक ताप होता."

"कधी?"

"झाले आता बरेच दिवस."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर पिशव्या भरून आली असतीस."

"मग? यायला नको होतं?"

हे मध्येच म्हणाले, "मासा छान आहे."

बाईला वाटलं आमचं बोलणं तिच्याबद्दलच कौतुकानं चाललंय. ती हसत सांगायला लागली, त्याचा फोन आला, आज येत नाही, अंगात ताप आहे, मग मीच गंजी करून पाठवली, दुसऱ्या दिवशीही पाठवली. गंजी म्हणजे आपली पेज. माझ्या मुलाला ताप आला, पेज दुसऱ्याच बाईनं केली, आणि मला ते तिच्या तोंडून, तिच्या टेबलावर, तिचा भोपळा खाताना कळलं. बरं, तिला काय म्हणणार? मी म्हटलं, "चांगलं केलंत हो." ती आणखी एकदा वाकली.

मी तशीच जेवत राहिले. माझा भात संपला. वाटी ती केवढी, लहान मुलाला देतात तेवढी. मासा अर्धा उरला होता, भोपळा होता, आमटी होती. बाई बरोबर हेरून आली आणि म्हणाली, "अम्मा, स्वल्प अन्ना?" थोडा भात देऊ का?

"बेडा, बेडा," मी म्हटलं. नको, नको. वर हात हलवला.

आता तुम्ही आपल्यातले आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिल्या वेळेला कोण हो म्हणतं? माझ्या माहेरी पंगतीत वाढायला मी लहानपणापासून उभी राहिलेय. जेवणारा ताटावर आडवा हात धरतो, "बास, बास, नको" म्हणतो, आणि आपण त्याची बोटं बघायची. बोटं घट्ट मिटलेली असली तर खरंच नको. जरा फट दिसली की वाढायचं. दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा विचारायचंच नाही, वाढून मोकळं व्हायचं. पाहुणा ओरडतो, आणि जेवतो. माझा तर आडवा हातसुद्धा नव्हता, नुसता हवेत हलवलेला. इतका स्पष्ट होकार मी आयुष्यात कुणाला दिला नसेल.

ती म्हणाली, "सरी." बरं. आणि गेली.

माझ्या मागोमाग ह्यांनाही विचारून झालं होतं, आणि हेही माझ्याच तालमीतले, तेही "बेडा" म्हणाले होते. आम्ही दोघं रिकाम्या वाट्या घेऊन बसलो.

हे हळूच म्हणाले, "पुन्हा विचारेल ना गं?"

"विचारेल की. एकदाच कोण विचारतं?"

भिंतीपलीकडे तिनं कोबी चिरायला घेतला. बारीक, एकसारखा, मान खाली घालून. मी नुसता मासा थोडासा खाल्ला. खारट लागला. भाताशिवाय तो घशाखाली उतरेना. मी खाकरले. ती कोबीच चिरत होती.

आणि मग माझ्या मुलानं काय केलं, वाटी दोन्ही हातांनी उचलली, जरा पुढे धरली आणि म्हणाला, "स्वल्प अन्ना."

सुरी तिथेच टाकून ती आली. धावलीच म्हणा ना. पदर असता तर खोचला असता अशी. वाटी दोन्ही हातांनी घेतली, आत गेली, भरून आणली, दोन्ही हातांनी दिली. तिच्या तोंडावर जे काही होतं ते बघून मी खाली बघितलं. ते मला ओळखू आलं, पण माझ्या स्वतःच्या अनुभवानं नव्हे. माझ्याकडे कुणी भात मागितलाय, असं मला आठवेना. सासऱ्यांनी नाही, ह्यांनी नाही, या मुलानं तर नाहीच. पाळण्यात रडला असेल तेवढाच. मी आयुष्यभर देत आले, कुणाला मागायची पाळी येऊ दिली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. आणि ही बाई हात बांधून उभी राहते, एकदा विचारते, गप्प बसते, आणि माझा मुलगा तिच्यापुढे वाटी धरतो. न लाजता. भूक आहे म्हणून.

इतका मत्सर मला ती पेज ऐकतानाही वाटला नव्हता.

तेवढ्यात ह्यांनी काय करावं! ह्यांनीही वाटी उचलली. मुलाचं बघून दोन्ही हातांनी. "स्वल्प अन्ना," म्हणाले, निपाणीच्या कानडीत. फितूर माणूस.

मुलगा म्हणाला, "आई, तुला हवा तर सांग तिला. इथे मागितल्याशिवाय पुन्हा येत नाही. एकदा नको म्हटलं की तिला वाटतं खरंच नको."

"मला नकोच आहे," मी म्हटलं, आणि मुळ्याचं लोणचं खाऊन उठले.

ऑटोत बसल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले. मी म्हटलं, "घरी गेल्यावर दहीभात कालवते थोडा."

"अगं, मग तिथे मागायचं होतंस."

"मी नाही मागून जेवत कुणाकडे."

"आणि मुलानं मात्र तुझ्याकडे मागावं?"

चाळीसेक वर्षं माझ्या हातचं खाऊन माणूस असं बोलायला शिकतो. ऑटोवाला स्वतःशीच हसला. त्याला मराठी येत असणार, या गावात काही सांगता येत नाही.

रविवारी मी ठरवूनच बसले. भरली वांगी, आमटी, भात, गरम भाकऱ्या. एकदा वाढलं. मग डाव पातेल्यात ठेवला आणि हात मांडीवर घेतले. सांगते तुम्हाला, हाताला नुसती खाज सुटली होती. वांगं संपलेलं दिसत होतं. भाकरीचा पाव तुकडा राहिला होता. एरवी मी या वेळेपर्यंत दोनदा उठून आले असते.

तो जेवत होता. भाकरी संपली. त्यानं पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाणी प्यायला. मी पंख्याकडे बघत होते.

हे म्हणाले, "अगं, भात वाढ की त्याला."

"लागला तर मागेल."

मुलानं बोटं चाटली. लोणच्याची फोड इकडची तिकडे केली. मग जरा घाबरूनच म्हणाला, "आई, रागावलीस का?"

"मी कशाला रागावू?"

"मग वाढत का नाहीस?"

बघा म्हणजे! मी न वाढणं म्हणजे मी रागावणं, हे या घरात एवढं पक्कं बसलंय. तिनं वाढलं नाही तर तो वाटी पुढे करतो, आणि मी वाढलं नाही तर त्याला माझं तोंड बघावं लागतं. मी म्हटलं, "तिच्याकडे कसा मागतोस? इथे मागायला काय होतं?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या तोंडावर ते हसू आलं, पकडलं की येतं ते. "त्या भातावरून चाललंय होय हे?"

"कुठल्याही भातावरून नाही."

"आई, इथे मागायला सवड कुठे देतेस? मागायचं मनात येईपर्यंत ताटात पडलेलं असतं. एकदा मी झोपेत होतो तरी वाढलं होतंस."

हे खो खो हसले. "खरं आहे, मी होतो तिथे."

"हसा," मी म्हटलं. "दोघं मिळून हसा."

तेव्हा मुलानं ताट उचललं. स्टीलचं मोठं ताट, जड, त्यात वांग्याचं तेल. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं, मान वाकवली आणि म्हणाला, "अम्मा, स्वल्प अन्ना."

मी वाढलं. हातात आलेला डाव सुटेना, एक, दोन. तो "बास, बास" म्हणाला तरी आणखी एक. तूप घातलं, आमटी ओतली. पण डाव खाली ठेवताना मला कळलं होतं की याची भूक भागली होती. तिच्याकडे त्यानं भूक होती म्हणून मागितलं होतं, आणि माझ्याकडे मला बरं वाटावं म्हणून. चांगला मुलगा आहे. त्यानं माझ्यासाठी नाटक केलं, आणि मी त्या नाटकावर तूप वाढलं. त्या बाईला असलं काही करावं लागत नाही. ती कोबी चिरत उभी राहते.

तो जमेल तेवढं जेवला. मग म्हणाला, "आई, आता खरंच नाही जात," आणि हात धुऊन आत जाऊन आडवा झाला. ताटात तीन-चार घास भात उरला होता, आमटीत कालवलेला, बाजूला वांग्याचा देठ आणि लोणच्याची फोड.

मी ते ताट माझ्यापुढे ओढलं. लहान होता तेव्हापासून मी हेच करत आलेय. त्याचं उरलेलं संपवायचं, मग माझं पान वाढून घ्यायचं.

हे म्हणाले, "अगं, गार झालंय ते. पातेल्यात ताजा भात आहे की."

त्या बाईकडे त्यानं वाटीत एक शीत ठेवलं नव्हतं. तिकडची रीतच तशी म्हणे, शेवटचं शीतसुद्धा टिपून खायचं आणि पुसल्यासारखी वाटी परत द्यायची. म्हणजे भात मागितलेला बघायचं सुख तिला मिळतं, पण उष्टं काही तिच्या वाट्याला येत नाही.

"तुम्ही गप्प बसा," मी ह्यांना म्हटलं आणि पहिला घास घेतला. वांग्याचा देठही सोडला नाही. आतून त्याच्या घोरण्याचा आवाज यायला लागला होता. मी सावकाश जेवले.